मराठा चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर

मराठा चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर ही पुणे व परिसरातील व्यापारी, कारखानदार, सेवा-व्यावसायिक आणि कृषिउद्योजक यांची प्रातिनिधिक संस्था आहे. तिची स्थापना इ.स. १९३४ मध्ये पुण्यात झाली. लघुउद्योगांचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जाणारे ए. आर. भट हे तिचे संस्थापक होत. संस्थेचे जुने कार्यालय टिळक रस्त्यावर असून सेनापती बापट रस्त्यावरील इंटरनॅशनल कन्व्हेन्शन सेंटरच्या आवारात तिचा ट्रेड टॉवर उभा आहे. पुणेकरांच्या बोलण्यात संस्थेचा उल्लेख ‘मराठा चेंबर’ असाच होतो. प्रस्तुत लेखातही पुढे तेच नाव वापरले आहे.

नाव

नावातील ‘मराठा’ हा शब्द जातिवाचक नसून प्रदेशवाचक आहे. इंग्रजीत तो आजही ‘ह’काराच्या जुन्या वर्णलेखनाने लिहिला जातो. टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाच्या नावातही हा शब्द याच व्यापक अर्थाने आला होता. मराठी मुलखातील व्यापार-उद्योगाची संस्था, एवढाच त्याचा आशय आहे. ‘कृषी’ हा शब्द नावात मागाहून जोडला गेला. प्रारंभीच्या नावात वाणिज्य व उद्योग हे दोनच शब्द होते.

वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ‘महाराष्ट्र चेंबर’शी या संस्थेची वारंवार गल्लत केली जाते. दोन्ही संस्थांची पूर्ण नावे जवळजवळ सारखी असल्याने वृत्तपत्रांतही हा घोटाळा आढळतो. महाराष्ट्र चेंबर ही संपूर्ण राज्याची संस्था आहे, तर मराठा चेंबरचे मूळ कार्यक्षेत्र पुणे व आसपासचा प्रदेश हे आहे.

चेंबर या संस्थेचे स्वरूप

व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन आपले सामायिक हित पाहावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मराठा काळात पुण्याच्या पेठा वसविल्या जात तेव्हा शेटे आणि महाजन हे वतनदार उदमी लोकांना आणून वसवीत, त्यांचे तंटे ऐकत व त्यांच्या वतीने सरकारदरबारी बोलत. मात्र ही वतने वंशपरंपरागत असत. सभासदांनी वर्गणी भरून चालविलेले, निवडलेल्या कार्यकारिणीचे मंडळ हा प्रकार युरोपातून आला. फ्रान्समधील मार्सेय येथे १५९९ मध्ये स्थापन झालेले मंडळ या प्रकारातील पहिले मानले जाते.

पुढे या संस्थेचे दोन भिन्न प्रकार रूढ झाले. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स या देशांत चेंबर ही कायद्याने निर्माण केलेली सार्वजनिक संस्था असून त्या त्या भागातील व्यवसायांना तिचे सभासद व्हावेच लागते. ब्रिटनमध्ये ती खासगी व ऐच्छिक राहिली. भारतात ब्रिटिश पद्धत आली. त्यामुळे आपल्याकडील चेंबर सामान्यतः नफा न वाटणारी कंपनी किंवा नोंदणीकृत संस्था असते; तिला कर बसविण्याचा किंवा सभासदत्वाची सक्ती करण्याचा अधिकार नसतो. शासनाने तिचे ऐकलेच पाहिजे, असेही कोठे लिहिलेले नाही. जेवढे सभासद स्वेच्छेने येतील आणि त्यांच्या वतीने जेवढे नेमके बोलता येईल, तेवढेच तिचे वजन. मराठा चेंबरच्या कार्याचा विचार करताना ही मर्यादा सतत ध्यानात ठेवावी लागते.

ब्रिटिश अमलात काही चेंबरांना प्रत्यक्ष राजकीय स्थानही होते. १८३६ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सवर युरोपीय व्यापारी पेढ्यांचे वर्चस्व होते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने या चेंबरला दोन सभासद निवडून देण्याचा अधिकार दिला, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक कायदेमंडळातही वाणिज्य संस्थांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. भारतीय व्यापाऱ्यांनी १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर स्थापन केली, तिच्यामागे हीच जाणीव होती: आपल्या वतीने दुसराच बोलत राहिला तर आपले हित मांडले जाणार नाही. १९२७ मधील महाराष्ट्र चेंबर आणि १९३४ मधील मराठा चेंबर या त्याच क्रमातील पुढच्या पायऱ्या होत.

पार्श्वभूमी

१९३४ चे पुणे हे औद्योगिक शहर नव्हते. शाळा-महाविद्यालये, सरकारी कचेऱ्या, लष्करी छावणी आणि पेन्शनर ही त्याची ओळख. तरीही उद्योगाचा विचार येथे जुना आहे. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली आणि पश्चिम भारत औद्योगिक संघटनेची स्थापना झाली. घोले रस्त्यावरील महात्मा फुले वस्तुसंग्रहालय हे मूळचे औद्योगिक संग्रहालय. तेही त्याच सुमाराचे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून, तर अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था १८५४ पासून अस्तित्वात होती. विचार होता, शिक्षण होते, थोडेफार कसबी कामगारही होते. भांडवल आणि बाजारपेठ मात्र मुंबईला होती, आणि व्यापार-उद्योगाविषयीचे निर्णयही तेथेच होत.

अशा शहरात चेंबर स्थापन करणे हे त्या वेळी काहीसे धाडसाचेच होते. ज्या उद्योगांचे प्रतिनिधित्व करायचे ते मोठ्या संख्येने यायचे होते. मुंबईत आधी उद्योग आले व मागाहून त्यांची संस्था झाली. पुण्यात हा क्रम बराचसा उलटा झाला. शिकलेल्या मराठी तरुणाने नोकरीखेरीज अन्य मार्ग पाहावा, हा विचार तेव्हाच्या नियतकालिकांतून आणि सभांतून सतत मांडला जात होता. त्या विचाराला कचेरी, पत्ता आणि पत्रव्यवहार करणारा चिटणीस मिळणे, ही गोष्ट दिसायला साधी असली तरी तिचे महत्त्व कमी नाही.

औद्योगिक वाढीचा काळ

किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ मध्ये खडकीला सुरू झाला. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांच्या माळरानांवर भूखंड पडू लागले. त्या दशकात बजाज ऑटो आणि टेल्को हे मोठे कारखाने या पट्ट्यात उभे राहिले. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये स्थापन झाली व १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली.

मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या छोट्या शेडांचे जाळे तयार होते. लेथ, मिलिंग, प्रेस, उष्णता-संस्करण, प्लेटिंग अशी कामे करणारा हा उद्योजक बहुधा स्वतःच मालक, स्वतःच फोरमन आणि संध्याकाळी स्वतःच कारकून असतो. अबकारी कराची वही, वीजजोडणीचा वाढीव भार, आयात-परवाना, बँकेची कर्जमंजुरी यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी स्वतंत्र कार्यालय आणि स्वतंत्र नियम. मोठ्या कंपनीला त्यासाठी खाते असते. शेडवाल्याला चेंबर असते. प्रादेशिक चेंबरची उपयुक्तता सर्वप्रथम येथे दिसते.

कार्य

चेंबरची नित्याची कामे बाहेरून फारशी दिसत नाहीत. कायद्यातील बदलांची माहिती सभासदांना देणे, करविषयक व कामगारविषयक प्रश्नांवर सल्ला, प्रशिक्षणवर्ग, परदेशी व्यापारी शिष्टमंडळांशी भेटी, अर्थसंकल्पापूर्वी शासनाला पाठविली जाणारी निवेदने ही त्यांपैकी प्रमुख होत. ‘संपदा’ हे चेंबरचे मराठी मासिक अर्थ-उद्योगविषयक लेखनासाठी परिचित आहे. करांविषयीचे बहुतेक लेखन इंग्रजीत होत असताना ते मराठीत उपलब्ध करून देणे, हे वाङ्मयीन दृष्टीनेही नोंद घेण्याजोगे काम म्हणावे लागेल. ‘उलाढाल’, ‘परतावा’, ‘भागभांडवल’ असे शब्द अशाच लेखनातून रुळले. नावीन्यपूर्ण उत्पादनासाठी चेंबरतर्फे दिला जाणारा पारखे पुरस्कार उद्योगक्षेत्रात मानाचा समजला जातो.

निर्यातदाराच्या दृष्टीने चेंबरचे सर्वांत प्रत्यक्ष काम म्हणजे मालाच्या उत्पत्तीचे प्रमाणपत्र. पाठविलेला माल अमुक देशात तयार झाला आहे, असे निःपक्ष संस्थेने लिहून द्यावे, अशी मागणी अनेक देशांतील सीमाशुल्क अधिकारी आणि खरेदीदारांच्या बँका करतात. सीमाशुल्क प्रक्रियेच्या सुलभीकरणाविषयी जिनिव्हा येथे १९२३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात अशा प्रमाणपत्रांचा विचार झाला आहे. भारतात विदेश व्यापार महासंचालनालयाने प्राधिकृत केलेल्या संस्था ते देतात व त्यांत अनेक चेंबरांचा समावेश आहे. येथे एक भेद लक्षात घ्यावा. व्यापारी करारांतील शुल्क-सवलतीसाठी लागणारे प्रमाणपत्र वेगळे व त्याचे नियम कडक असतात. सवलतीशी संबंध नसलेले साधे प्रमाणपत्र हे चेंबरांचे मुख्य क्षेत्र होय. पूर्वी यासाठी बीजकाच्या प्रती घेऊन खिडकीवर रांग लावावी लागे. आता अर्ज संगणकीय प्रणालीवर केला जातो.

सामायिक सुविधा उभारणे हे अलीकडच्या काळातील काम. महागडे चाचणीयंत्र किंवा त्रिमितीय आरेखनाची प्रणाली एकट्या लघुउद्योजकाला परवडत नाही. शंभर जणांनी मिळून वापरली तर परवडते. केंद्र शासनाच्या औद्योगिक पायाभूत सुविधा सुधारणा योजनेतून चिंचवड येथे ऑटो क्लस्टर उभे राहिले. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका व उद्योगसंघटना यांच्या त्या संयुक्त प्रयत्नात मराठा चेंबरचा सहभाग होता. भोसरी येथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगासाठीही चेंबरच्या पुढाकाराने असेच केंद्र झाले.

जकात, स्थानिक संस्था कर आणि सभासदांतील मतभेद

चेंबर ‘व्यापार-उद्योगा’च्या वतीने बोलते, असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु व्यापार आणि उद्योग यांचे हित प्रत्येक वेळी एकच असते असे नाही. जकातीचा प्रश्न हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

महापालिकेच्या हद्दीत वापरासाठी, उपभोगासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर जकात घेतली जाई. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे एकमेकांना लागून, पण महापालिका दोन आणि नाकेही दोघांचे. भोसरीत ओतलेला भाग हडपसरला यंत्रणासाठी जाऊन परत यायचा तर हद्द दोनदा ओलांडावी लागे. सवलत वा परतावा मिळवायचा तर कागदपत्रांची आणि वेळेची किंमत मोजावी लागे. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत. कारखानदारांच्या संघटना जकात रद्द करण्याची मागणी वर्षानुवर्षे करीत आल्या. महापालिकांचे म्हणणे असे की, रोजच्या रोज जमा होणारे हे उत्पन्न सोडले तर शहर चालवायचे कशावर. दोन्ही बाजूंत तथ्य होते.

१ एप्रिल २०१३ पासून पुण्यात जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला. नाके गेले आणि व्यापाऱ्याने स्वतः हिशेब ठेवून कर भरावा अशी पद्धत आली. कारखान्याकडे हिशेब आधीपासूनच होते. त्याच्या दृष्टीने खोळंबा टळला. पेठेतील दुकानदाराचे तसे नव्हते. आजवर नाक्यावर परस्पर मिटणारा कर आता त्याच्या वहीत आला आणि वही तपासायला येणारा अधिकारी दारात येईल ही धास्ती वाढली. राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून आंदोलन केले. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढालीच्या व्यावसायिकांना या करातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हा विषय संपला. एकाच करपद्धतीत एकाला सुटका व दुसऱ्याला संकट दिसावे, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले. अशा वेळी दोघांनाही सभासद करून घेणाऱ्या संस्थेला सावध भाषेतच बोलावे लागते.

थकलेली देयके

याहून नाजूक प्रश्न थकलेल्या देयकांचा आहे, कारण येथे देणेकरी आणि घेणेकरी दोघेही एकाच चेंबरचे सभासद असू शकतात.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत दिले पाहिजेत, आणि ही मुदत पंचेचाळीस दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी करार नसेल तर मुदत पंधरा दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तक्रारीसाठी राज्यात सुविधा परिषदा आहेत. या परिषदांवर लघुउद्योगांच्या संघटनांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद खुद्द अधिनियमातच आहे. म्हणजे उद्योगसंघटनेला येथे कायद्याने दिलेले स्थान आहे.

कायदा इतका स्पष्ट असूनही पुरवठादार तक्रार करण्यास कचरतो. ज्याच्याकडून पैसे यायचे तोच त्याचा एकमेव किंवा सर्वांत मोठा ग्राहक असतो. व्याज मागितले तर पुढची ऑर्डर दुसऱ्या शेडला जाईल, ही भीती निराधार नाही. पैसे नव्वद दिवसांनी येणार आणि कामगारांचा पगार मात्र सात तारखेला द्यायचा. मधली फट तो बँकेच्या कॅश क्रेडिटने किंवा घरच्या दागिन्यांवर कर्ज काढून भरतो. आयकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीने आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून निराळा मार्ग अवलंबिला: अशी मुदतबाह्य रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला ती खर्च म्हणून वजा करता येत नाही. म्हणजे पुरवठादाराने तक्रार केली नाही तरी विलंबाची झळ खरेदीदाराला बसते. यावर लघुउद्योजकांच्या प्रतिक्रिया एकसारख्या नव्हत्या. मोठ्या कंपन्या आता नोंदणी नसलेल्या किंवा मध्यम आकाराच्या पुरवठादारांकडे वळतील, अशी चिंता त्यांच्यापैकीच अनेकांनी व्यक्त केली.

प्रादेशिक चेंबरची कसोटी येथे लागते. एकट्या पुरवठादाराचे नाव उघड न करता त्या क्षेत्रातील प्रश्न म्हणून विषय मांडणे हे चेंबरला शक्य असते, आणि एकट्याला नेमके तेच शक्य नसते. मात्र कार्यकारिणीवर मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी अधिक असतील तर असा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर येण्यास उशीर होणे स्वाभाविक आहे. ऐच्छिक सभासदत्वाच्या सर्वच संस्थांवर ही टीका होते. सभेला दिवसभर वेळ देणे ज्याला परवडते तोच बहुधा पदाधिकारी होतो. तीन कामगारांच्या शेडचा मालक यंत्र बंद ठेवून दुपारच्या बैठकीला येऊ शकत नाही. लघुउद्योजकांनी औद्योगिक वसाहतींत आपल्या स्वतंत्र संघटना काढल्या, त्याचे एक कारण येथे सापडते.

कोविड-१९ काळातील कार्य

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर कारखाने बंद पडले, आणि पुणे हा देशातील सर्वाधिक बाधित भागांपैकी एक ठरला. या काळात मराठा चेंबरच्या पुढाकाराने ‘पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड-१९ रिस्पॉन्स’ हा मंच तयार झाला. चेंबरचे तत्कालीन अध्यक्ष सुधीर मेहता यांनी त्याचे नेतृत्व केले. उद्योग, रुग्णालये, प्रशासन आणि स्वयंसेवी संस्था यांना एकत्र आणून उपकरणे व निधी यांचा मेळ घालणे हा त्याचा उद्देश होता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूचा तुटवडा पडला तेव्हा या मंचाने ‘मिशन वायू’ या उपक्रमातून सिंगापूरहून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर व व्हेंटिलेटर आणून वितरित केले. आयात कशी करायची, सीमाशुल्काची कागदपत्रे कशी पुरी करायची, विमानाने माल कसा आणायचा हे चेंबरच्या सभासदांचे रोजचेच काम. व्यापारासाठी कमावलेले तेच ज्ञान येथे रुग्णालयांच्या उपयोगी पडले.

अन्य संस्था

पुण्यात उद्योगक्षेत्राच्या वतीने बोलणारी मराठा चेंबर ही एकमेव संस्था नाही. भारतीय उद्योग महासंघाची पुणे शाखा विशेषतः मोठ्या कारखान्यांत प्रभावी आहे. २००६ मध्ये कारखान्यांच्या स्वतःच्या जनित्रांचा मागणीच्या वेळी उपयोग करून शहराचे भारनियमन टाळण्याची जी योजना ‘पुणे प्रारूप’ म्हणून गाजली, तिच्यात पुढाकार या महासंघाचा होता. तिचे श्रेय कधी कधी मराठा चेंबरकडे दिले जाते, ते बरोबर नाही. पिंपरी-चिंचवड परिसरात लघुउद्योजकांच्या निराळ्या संघटना आहेत.

महाराष्ट्रातील अन्य प्रदेशांत नागपूरचे नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स, छत्रपती संभाजीनगर येथील चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर, नाशिकची ‘निमा’ या संस्था समान स्वरूपाचे काम करतात. शेजारच्या गोव्यातील चेंबर पोर्तुगीज अमलात, १९०८ मध्ये स्थापन झाले. म्हणजे ते मराठा चेंबरहून सव्वीस वर्षांनी जुने आहे.

मार्केट यार्डातील दि पूना मर्चंट्स चेंबर ही भुसार मालाच्या घाऊक व्यापाऱ्यांची संस्था असून तिचा मराठा चेंबरशी नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही. बाजार समितीचे नियम, हमाली-तोलाई, शासनाच्या साठामर्यादा हे तिचे विषय. सामान्य पुणेकराला मात्र ती दिवाळीत ना-नफा तत्त्वावर विकल्या जाणाऱ्या लाडू-चिवड्यामुळे ठाऊक असते.